खिटी आणि हात : तारेच्या जोडाचा इतिहास

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय एक पक्कड आहे. विजेच्या तारेच्या टोकाला लग बसवायची पक्कड. बाजारात तिला क्रिम्पिंग टूल म्हणतात, आणि आपली वायरमन मंडळी लगला थिंबल म्हणतात. ही पक्कड दोन जातींची मिळते. एक साधी. दाबली की दाबली, सोडली की सुटली. दुसरीच्या दोन मुठींच्या मध्ये एक दातेरी पट्टी असते. ती दाबायला घेतली की कट्‌ कट्‌ असा आवाज येतो, आणि अर्ध्यावर हात सैल केला तरी ती उघडत नाही. शेवटचा दात ओलांडेपर्यंत जबडा मागे येतच नाही. पूर्ण दाबा, मगच सुटेल. हिला रॅचेटची पक्कड म्हणतात.

यंत्र म्हणून बघाल तर यात नवीन काही नाही. गजराच्या घड्याळाला चावी देताना जो कर्रकर्र आवाज येतो, सायकलचं पायडल थांबवल्यावर फ्रीव्हीलमधून जो आवाज येतो, ती हीच खिटी आणि हेच दात. विहिरीवरच्या जुन्या कप्पीयंत्रांनाही अशी खिटी असे. पण तिथे खिटीचं काम एवढंच, की वस्तू मागे घसरू नये. या पकडीत तिला निराळं काम दिलेलं आहे. इथे ती माणसाच्या हातावर नजर ठेवते. हे काम तिच्याकडे कसं आणि का आलं, ते आज सांगायचं आहे.

विजेच्या तारेचा जोड हा प्रश्न तारायंत्राइतका जुना आहे. १८४४ साली मोर्सने वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अशी तार टाकली. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडेही मुंबई, कलकत्ता, मद्रास, आग्रा तारांनी जोडले गेले. शेकडो मैल तार म्हणजे हजारो जोड. दोन टोकं एकमेकांना आडवी धरायची, प्रत्येकाने दुसऱ्याभोवती घट्ट वेढे द्यायचे, अशी पद्धत पडली. अमेरिकेत तिला वेस्टर्न युनियन या तारकंपनीचं नाव पडलं आणि ते आजही टिकून आहे. या जोडाची गंमत अशी की ओढाल तितका तो आवळतो. पण नुसता पीळ पुरत नाही. पावसापाण्यात धातूवर थर चढतो, जोडात हवा शिरते. म्हणून पीळ दिल्यावर त्यावर डाख लावायचा. कथील आणि शिसे यांचा डाख. यातलं ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे हे प्रमाण कारागिरांच्या फार आवडीचं, कारण ते १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतं आणि एकदम गोठतं.

डाख देणं ही कला आहे, यात वाद नाही. जोड आधी तापवायचा, डाख नंतर. राळ लावून पृष्ठभाग स्वच्छ करायचा. डाख पसरला पाहिजे, थेंब होऊन बसता कामा नये. गोठताना तार हलली तर जोड आत कच्चा राहतो. त्याला थंड जोड म्हणतात. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर सगळं उभं आहे. डाखाचा जोड डोळ्यांनी पारखता येतो. चकाकी बघून, कड बघून जाणता माणूस सांगतो की हा पक्का, हा कच्चा. कारागिराचं काम त्याच्या जोडावर लिहिलेलं असतं.

मग ही पद्धत सोडायची वेळ का आली? मुख्य कारण विमान.

विमान सतत थरथरतं. त्यातली तार एकेरी नसते, बारीक तारांची जुडी असते, म्हणजे ती लवचिक राहावी. या जुडीच्या टोकाला डाख दिला की तो केशाकर्षणाने तारांमधून वर चढतो. जिथपर्यंत चढला तिथपर्यंत तार काठीसारखी ताठ, आणि तिथून पुढे मऊ. थरथरीचा सगळा ताण त्या सीमारेषेवर येतो. पत्र्याची पट्टी एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तसंच. जोड शाबूत आणि तार शेजारी तुटलेली. शिवाय विमानाच्या पोटात, अडचणीच्या जागी, पेट्रोलच्या टाकीशेजारी तापलेली इस्त्री घेऊन काम करायचं. आणि वेळ किती लागतो! एकेका विमानात हजारो टोकं असतात.

म्हणजे उष्णतेशिवाय, नुसत्या दाबाने जोड करायचा. कल्पना तशी अगदीच कोरी नव्हती. इथे जरा आडवळण घेतो. नोबेलने १८६० च्या दशकात स्फोटकांसाठी धातूची छोटी टोपी काढली. तिच्यात वात घालायची आणि टोपीची कड वातीभोवती चिमटून घट्ट करायची. त्यासाठी खाणीत खास चिमटे असत. आणि काही बहाद्दर ती टोपी दातांनी चावून बसवत! खाणीच्या पुस्तकांतून 'दात वापरू नका' अशी सूचना छापावी लागे, यावरून काय ते समजा. दोरीसारख्या वस्तूवर धातूची नळी दाबून बसवायची ही कल्पना, आणि ती हाताच्या भरवशावर सोडली तर काय होतं हा धडा, दोन्ही तिथे होतेच. विजेच्या तारेलाही न डाखता बसणारी टोकं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून अमेरिकेत विकली जात होती.

ती मोठ्या प्रमाणावर नेणारा माणूस म्हणजे अंकस व्हिटेकर. १९०० चा जन्म. यंत्र आणि वीज या दोन्ही शाखा शिकलेला, आणि वर कायद्याची पदवी घेतलेला. पेटंटांच्या धंद्यात ही तिसरी पदवी पहिल्या दोन पदव्यांइतकीच कामाला येते, हे ओघाने आलंच. १९४१ साली त्याने न्यू जर्सीत एक कंपनी काढली. नाव एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स. विमानं आणि जहाजं, दोन्ही थरथरणारी, हे नावातच आलं. पुढे अद्याक्षरांवरून ती एएमपी झाली, पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गला स्थिरावली. आज तिचा वारसा टीई कनेक्टिव्हिटी या नावाने चालतो. कंपनी निघाली त्याच वर्षाच्या डिसेंबरात पर्ल हार्बर झालं आणि अमेरिका युद्धात उतरली.

आता युद्धातल्या विमानकारखान्यांचं चित्र डोळ्यांपुढे आणा. पुरुष आघाडीवर गेलेले. १९४३ मध्ये अमेरिकेच्या विमान उद्योगात तीन लाखांच्या वर स्त्रिया काम करत होत्या. त्यांतल्या बऱ्याचजणी काल-परवापर्यंत दुकानात, घरात, शाळेत होत्या. त्यांना काही आठवड्यांत तयार करायचं होतं. डाखाचा हात बसायला महिने लागतात. इतका वेळ कुणाकडे होता? इथे लोक पटकन म्हणतात, की अडाणी कामगारांसाठी सोपं हत्यार काढलं. आम्हाला ही मांडणी पटत नाही. अडचण कामगारांच्या हुशारीची नव्हतीच. अडचण जोडाच्या स्वभावात होती. ती कशी, ते पाहू.

दाबलेल्या जोडात काय घडतं? लगच्या नळीत तारांची जुडी घातली. बाहेरून नळी दाबली. तारांमधल्या फटी मिटत जातात. आणखी दाब दिला की तांबं वाहू लागतं, म्हणजे आकार बदलतं. तारांवरचा ऑक्साइडचा पातळ थर फाटतो आणि उघडं तांबं उघड्या तांब्याला भिडतं. दोन धातूंचे पृष्ठभाग आपल्याला सपाट वाटले तरी प्रत्यक्षात ते मोजक्या ठिपक्यांवरच टेकतात, आणि सगळी वीज त्या ठिपक्यांतून जाते. रॅग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे शास्त्र बर्लिनला सीमेन्समध्ये काम करताना बसवलं. त्याचा मोठा ग्रंथही योगायोगाने १९४१ चाच. चांगल्या दाबजोडात असे ठिपके पुष्कळ होतात आणि फटी इतक्या बंद होतात की त्यात हवासुद्धा शिरत नाही. हवा नाही म्हणजे गंज नाही. असा जोड वर्षानुवर्षं तसाच राहतो.

पण दाब कमी पडला तर? फटी राहतात, हवा शिरते, थर पुन्हा चढतो. आणि दाब जास्त झाला तर तारा चेपून बारीक होतात आणि नळीच्या तोंडाशी तुटतात. त्यात आणखी एक मेख आहे. जोडाची ओढ सहन करायची ताकद सर्वांत जास्त असते ती थोड्या कमी दाबाला, आणि वीज सर्वांत चांगली वाहते ती थोड्या जास्त दाबाला. चांगला जोड या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत बसतो. हाताला ती पट्टी कळायची कशी? सकाळी दहा वाजता हात ताजा असतो, संध्याकाळी पाचला दमलेला असतो. तीच व्यक्ती, तीच पक्कड, जोड मात्र निराळा.

हे दोन तुकडे मागेपर्यंत फिरवा. दोन्हींवर एकाच मापाची निळी लग आहे. एक आम्ही साध्या पकडीने अर्धवट दाबलेला आहे, दुसरा रॅचेटने पूर्ण. कोणता कोणता ते वरून बघून सांगा. (सभागृहात तुकडे फिरवले जातात.) येत नाही ना सांगता? हलक्या हाताने ओढून पाहिलंत तरी दोन्ही धरून आहेत.

ही खरी मेख आहे. डाखाचा जोड उघडा असतो, दाबलेला जोड नळीच्या पोटात असतो. पारखायचा तर दोनच खात्रीचे मार्ग. तुटेपर्यंत ओढायचा, नाहीतर आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. अमेरिकी मानकात १४ नंबरच्या तांब्याच्या तारेच्या जोडाने ५० पौंडांची, म्हणजे साडेबावीस किलोंच्या वरची ओढ सोसली पाहिजे असं आहे. पण तुटेपर्यंत ओढलेला किंवा कापलेला जोड विमानात बसवता येत नाही. म्हणजे बघा, जो तपासला तो वापरता येत नाही, आणि जो वापरला तो असा तपासलेला नसतो. मग विमानात बसलेल्या जोडाची हमी कुणाची? जोड झाल्यावर परीक्षा घेता येत नसेल तर जोड होतानाच चुकायला वाव ठेवायचा नाही, एवढाच मार्ग उरतो. जुना, मुरलेला कारागीर असता तरी त्याला तो चुकला नसता, कारण त्याच्या डोळ्यालाही नळीच्या आतलं दिसत नाही.

म्हणून खिटी आली. युद्धानंतरच्या काळात एएमपीने आपल्या हातपकडीला जे नाव दिलं त्यातच सगळं आलं : सर्टि-क्रिम्प. क्रिम्पचं प्रमाणपत्र. मुठी एकदा जवळ येऊ लागल्या की खिटी दातांत पडते आणि पूर्ण मिटल्याशिवाय सुटत नाही. जबड्यातले साचे, ज्यांना डाय म्हणतात, ते एकमेकांना टेकतात तिथे दाब संपतो, त्यामुळे जास्त जोर लावून जोड चेपताही येत नाही. कमीची वाट खिटीने बंद केली, जास्तीची डायने. मुठींची जोडणीही अशी, की मिटता मिटता शेवटच्या टप्प्यात हाताचा जोर कितीतरी पटींनी वाढून जबड्यात उतरतो. बारीक मनगटाच्या माणसाचा आणि पहिलवानाचा जोड सारखाच होतो.

याच कंपनीने आणखी एक युक्ती केली, आणि ती आम्हाला खिटीपेक्षाही हुशार वाटते. डायमध्ये बारीक ठिपके कोरलेले. लग दाबली की तिच्या रंगीत वेष्टनावर ते उठतात. तपासनिसाने ठिपके बघायचे आणि ओळखायचं की या लगला योग्य डाय वापरली की नाही. म्हणजे पूर्वी जोडावर कारागिराची खूण असे, आता हत्याराची सही आली.

लष्कर आणि विमानखात्यांनी हे सगळं नियमांत बांधलं. अमेरिकी लष्कराच्या २२५२० क्रमांकाच्या मानकात पकडी कशा असाव्यात ते दिलं, आणि पकड तपासायचे मापकही ठरले. मापकाचं एक टोक मिटलेल्या जबड्यात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. एवढी साधी परीक्षा. जोडाची नव्हे, पकडीची! नासाने १९९८ मध्ये तारांच्या जोडणीचं जे कारागिरीमानक काढलं त्यातही पूर्ण फेरी केल्याशिवाय न सुटणारी पकडच मान्य आहे. त्याच मानकात एक मनाई आहे, ती आपल्याकडच्या वायरमन मंडळींनी आवर्जून ऐकावी. डाख दिलेल्या जुडीवर लग दाबायची नाही. आपल्याकडे 'डबल पक्कं' म्हणून आधी डाख आणि मग लग, असं करणारे पुष्कळ. डाख मऊ असतो, दाबाखाली हळूहळू सरकत राहतो, आणि काही महिन्यांनी जोड ढिला. दोन चांगल्या पद्धती एकत्र केल्या आणि एक वाईट जोड तयार झाला.

या हमीला एक किंमतही होती. पकड, डाय आणि लग एकमेकांशी जुळलेली हवीत, म्हणजे तिन्ही एकाच घरातून घ्यावी लागतात. कारखान्यांसाठी एएमपी लगांच्या लांबच लांब पट्ट्या गुंडाळीवर द्यायची आणि त्या लावायची यंत्रं भाड्याने. यंत्र आमचं, त्यात जाणारा मालही आमचाच. व्हिटेकरची कायद्याची पदवी इथे दिसते. हाताकडचं कसब काढून हत्यारात ठेवलं की ते कसब विकता येतं, भाड्याने देता येतं. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही, पण विसरूही नये.

हत्यार किती महत्त्वाचं ठरू शकतं याचं टोकाचं उदाहरण अॅल्युमिनियमचं आहे. १९६० च्या दशकात तांबं महागलं. साधारण १९६५ ते १९७३ या काळात अमेरिकेत लाखो घरांत अॅल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. तार वाईट नव्हती, जोड वाईट निघाले. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर क्षणात चढतो आणि तो वीज अडवतो. शिवाय स्क्रूखाली हा धातू हळूहळू दबत जातो आणि जोड सैल होतो. १९७४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेज इथे अशा एका घराला आग लागून दोन माणसं गेली. कारण एका सॉकेटचा अॅल्युमिनियमचा जोड. त्यानंतर चौकशा झाल्या.

ढिल्या जोडाने आग कशी लागते, याचं गणित आपल्या घरातलंच घेऊ. ३ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो. जोडात फक्त ०.१ ओहम विरोध आला, तर १३ गुणिले १३ गुणिले ०.१, म्हणजे जवळपास १७ वॅट उष्णता त्या हरभऱ्याएवढ्या जागेत तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची डाखाची लहान इस्त्री २५ वॅटची असते. भिंतीत एक छोटी इस्त्री चालू ठेवून आपण आंघोळीला जातो. फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही, कारण करंट तर १३ अँपिअरच आहे.

या घरांसाठी जो कायमचा उपाय अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मान्य केला तो पुन्हा दाबजोडच होता. नाव कोपॅलम. अॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा तुकडा खास नळीत घालून असा दाबायचा की दोन्ही धातू थंडच्या थंड एकजीव व्हावेत. त्यासाठी लागणारा दाब १०,००० पौंडांचा. तो हाताने येत नाही, यंत्रानेच येतो, आणि हे यंत्र दुकानात विकतच मिळत नसे. एएमपीने शिकवून तयार केलेल्या वायरमनलाच ते मिळे. पूर्वी जे कसब हातातून हत्यारात गेलं असं म्हणत होते, ते इथे पुन्हा प्रशिक्षित माणसापाशी येऊन थांबलं. फरक एवढाच, की आता माणूस हत्यारासकट प्रमाणित.

आपल्याकडेही जुन्या वाड्यांत आणि चाळींत अॅल्युमिनियमच्या तारा पुष्कळ सापडतात, आणि त्यांना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेले जोडही. केबलच्या मोठ्या मापांत तर अॅल्युमिनियम रोज वापरलं जातं. तिथे तांब्याच्या पट्टीला जोडायचं असेल तर एका टोकाला अॅल्युमिनियम आणि दुसऱ्या टोकाला तांबं अशी दुधातूची लग घ्यायची असते. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं. लग मिळते, पकडही मिळते. काउंटरवर एक प्रश्न मात्र फार क्वचित ऐकू येतो : या लगला हीच डाय चालते का?

आणि तो प्रश्न विचारावाच लागतो, कारण खिटीला हे कळत नाही. खिटीला फक्त मुठी पूर्ण मिटल्या की नाही एवढंच कळतं. लाल लगमध्ये जाड तार कोंबायला चार तारा छाटल्या असतील, खिटी सुटते. निळी लग पिवळ्याच्या घरात दाबली, खिटी सुटते. तार नळीत पुरती गेलीच नाही आणि वेष्टनावरच दाब पडला, तरी कट्‌ कट्‌ करत खिटी सुटते. युरोपात कंट्रोल पॅनेलच्या बारीक तारांना जी टोपणं बसवतात, त्यांच्या काही पकडी मापाप्रमाणे स्वतः जुळवून घेतात. मोटारींचे हार्नेस बनवणाऱ्या कारखान्यांत आता यंत्र प्रत्येक जोडाच्या दाबाचा आलेख काढतं आणि आलेख बिघडला की तो जोड बाजूला टाकतं. म्हणजे खिटीला जे कळत नव्हतं ते थोडंफार यंत्राला कळू लागलं. पण हे झालं कारखान्यात. शिडीवर चढलेल्या वायरमनच्या हातात अजून खिटीच आहे.

शेवटी एका बारीक दांडीबद्दल सांगतो आणि मग प्रश्नांकडे वळू. रॅचेटच्या बहुतेक पकडीत दातेरी पट्टीशेजारी एक छोटी दांडी असते. लग तिरकी अडकली, पकड मधेच रुतली, तर ती दांडी दाबून खिटी सोडवता येते. ही सोय लागतेच, नाहीतर पकडच निकामी व्हायची. पण ती दांडी दाबून सुटलेला जोड अर्धा असतो. चांगल्या कारखान्यात असा जोड तिथल्या तिथे कापून टाकतात, तार नव्याने सोलतात आणि नवी लग घेतात. रॅचेटची पकड वापरणाऱ्या कुणाच्या शेजारी उभं राहायची वेळ आली तर लक्ष त्या दांडीकडे ठेवा. ती किती वेळा दाबली जाते आणि दाबल्यावर त्या लगचं पुढे काय होतं, ते बघा.